पाकिटातल्या नऊ शिव्या

व्याख्यानमालेचं सातवं पुष्प दोन दिवस आधीच गळालं. 'मधुमेह आणि मनःशांती' या विषयावर बोलणारे वक्ते साखर चारशेवर गेल्यामुळे रुग्णालयात दाखल झाले आणि बाळ गुळवणींची मनःशांती त्यांच्याबरोबर गेली. गुळवणी हे कसब्यातल्या शारदाकुंज वाचनालयाचे चिटणीस. वय अडुसष्ट, पण नाव बाळच. महापालिकेच्या नळजोड खात्यात छत्तीस वर्षं काढल्यामुळे कुठल्याही गोष्टीला क्रमांक दिला की ती आपोआप सुरळीत चालते, अशी त्यांची श्रद्धा होती. वाचनालयातल्या पंख्यांना क्रमांक होते, खुर्च्यांना होते, आणि दुसरा माठ नसतानाही पाण्याच्या माठावर '१' लिहिलेलं होतं.

गुळवणींनी अकरा वक्त्यांना फोन केले. तिघे अमेरिकेत मुलांकडे होते. चौघांचा घसा बसला होता. दोघांनी "आयत्या वेळी बोलवायला मी काय राखीव खेळाडू आहे का?" असं विचारून फोन ठेवला. उरलेले दोघे गेल्याच वर्षी वारल्याचं त्यांच्या सुनांनी कळवलं, तेही जरा रागानेच. तेव्हा नाइलाजाने गुळवणी प्रा. अमीन तांबोळी यांच्या घराचे तीन जिने चढले.

तांबोळी सर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. घराणं पाच पिढ्यांपासून कसब्यातलं. गेली एकोणीस वर्षं ते दर जानेवारीत वाचनालयाला एक पोस्टकार्ड टाकत: 'विषय: इंग्रजी शिव्या, उगम आणि वापर.' दर फेब्रुवारीत उत्तर येई: 'आपला विषय विचाराधीन आहे.' एकोणीस वर्षं एखाद्या विषयाचा विचार करणारी संस्था तशी दुर्मीळच म्हणायची. सर मात्र चिडत नसत. त्यांना मानधन नको होतं, शाल-नारळही नको होता. व्याख्यानमालेतली भाषणं पुढे वाचनालयाच्या स्मरणिकेत छापली जात, तेवढं मात्र त्यांना मनापासून हवं होतं. वय बहात्तर झालं होतं. आपण गेल्यावर आपलं काहीतरी छापलेलं मागे राहावं, असं त्यांना फार वाटे.

कारण आतापर्यंत जे काही होतं ते सगळं बिस्किटांच्या तीन डब्यांत होतं. तीस वर्षं जमवलेली कार्डं. एका शिवीला एक कार्ड, आणि कार्डावर चार ओळी: उगम, पहिला पुरावा, अर्थ, वापर. बहुतेक कार्डांवर 'उगम'पुढे 'अज्ञात' असंच लिहिलेलं होतं आणि ती सरांची जन्माची खंत होती. "शिवी जन्माला येते तेव्हा शेजारी लिहून घेणारा कधीच नसतो हो," ते हळहळत. हे डबे माळ्यावर असत आणि त्यांच्यावर 'जुनी वीजबिले' अशी चिठ्ठी होती. ही जरीनाबाईंची अट. जरीनाबाईंनी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. शिवी कुठल्याही भाषेतली असो, ती उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे त्यांनी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं होतं.

"सर, आपला विषय मंजूर झाला," गुळवणी खुर्चीत टेकत म्हणाले.

"विचार संपला वाटतं?" जरीनाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

गुळवणींनी ते ऐकलं नाही. "फक्त एक अडचण आहे. आमच्या व्यासपीठावरून शिवी उच्चारता येणार नाही. शेवटी सरस्वतीचा फोटो असतो मागे."

"अहो, मधुमेहावर बोलायचं आणि साखर म्हणायचं नाही, असं झालं हे!"

"मराठी शिव्या असत्या तर मी जिना चढलोच नसतो," गुळवणी गंभीरपणे म्हणाले. "इंग्रजी आहेत, म्हणजे त्यात काहीतरी ज्ञान असणार, असं समितीचं मत पडलं. पण ज्ञानसुद्धा झाकून द्यावं लागतं. मी उपाय काढलाय. आपण किती शिव्या घेणार?"

"मुख्य नऊ."

"उत्तम. त्यांना क्रमांक देऊ. एक ते नऊ. यादी छापून बंद पाकिटात घालू, दारावर सही घेऊन प्रौढ सभासदांना एकेक पाकीट देऊ. आपण नुसतं 'क्रमांक चार' म्हणायचं. ज्याला बघायचंय तो पाकिटात बघेल. जाताना पाकिटं परत घ्यायची. नळजोड खात्यात आम्ही गळत्यांची नोंद अशीच करायचो."

सरांनी एकोणीस पोस्टकार्डं आठवली आणि होकार दिला. जरीनाबाई म्हणाल्या, "मी येईन. पण पाकीट उघडणार नाही."

यादी टाइप करायचं काम गुळवणींची मुलगी अपूर्वा हिच्याकडे आलं. ती खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. यादी पाहून तिने भुवई उंचावली.

"बाबा, एवढंच? हे तर आमच्या सकाळच्या मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत संपतं. तुमच्यासमोर तर मी रोज कॉलवर बोलते हे!"

"तू बोलतेस ते कामाचं इंग्रजी असतं," गुळवणी म्हणाले. मुलीच्या फाडफाड इंग्रजीचं कौतुक ते वाचनालयात रोज सांगत. त्यात क्रमांक चार आणि पाच दर वाक्याला येतात, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं आणि त्यांनी ते तिथल्या तिथे विसरायचं ठरवलं.

पाकीट मिळणार ही बातमी दोन दिवसांत पेठभर झाली. मधुमेहाला चाळीस माणसं आली असती. शिव्यांना सभागृह भरून जिन्यात माणसं बसली. एरवी 'हल्ली गुडघे साथ देत नाहीत' म्हणणारे ज्येष्ठ नागरिक साडेपाचपासून रुमाल टाकून जागा धरून होते. दारावर सही करताना प्रत्येक जण "निव्वळ अभ्यास म्हणून हो!" असं म्हणत होता, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाकीट फाडत होता.

सर बोलायला उभे राहिले आणि तीस वर्षांचं साचलेलं बाहेर पडू लागलं. क्रमांक एक ही मुळात शिवी नव्हेच, शिक्षा ठोठावण्याचा लॅटिन शब्द. जुन्या इंग्लंडात देवाधर्माच्या नावाने घेतलेल्या आणाभाका सगळ्यांत वाईट समजत. शरीराचे शब्द शेतात, स्वयंपाकघरात, वैद्यांच्या पोथ्यांतही सर्रास चालत. पुढे लोक सभ्य झाले आणि शरीराची लाज वाटू लागली. क्रमांक तीन हा तर युरोपातल्या एका आख्ख्या देशाच्या रहिवाशांच्या नावावरून आलेला.

"त्यांच्या वकिलातीला हे कोणी कळवलंय का?" तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला.

"क्रमांक चारचं मूळ 'वेगळं करणं, तोडणं' या अर्थाच्या धातूत सापडतं," सर रंगात आले होते. "आणि गंमत पाहा, विज्ञानाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचाही धातू बहुतेक तोच मानतात. म्हणजे ही दोघं चुलतभावंडं!"

"माझा प्रश्न नाही, निवेदन आहे," एक निवृत्त विज्ञानशिक्षिका उठून उभ्या राहिल्या. "मी चौतीस वर्षं चारची चुलतबहीण शिकवत होते, हे मला निवृत्तीआधी कळायला हवं होतं." सभागृह हसून हसून आडवं झालं.

क्रमांक पाच हा राजाच्या परवानगीच्या पाटीवरची आद्याक्षरं जोडून झाला, ही निव्वळ लोणकढी थाप, असं सरांनी सांगितलं. वाऱ्यावर पंख फडफडवत स्थिर राहणाऱ्या एका पक्ष्याच्या जुन्या नावात पाच क्रमांक आहे, हेही सांगितलं, तेव्हा पक्षिमित्र मंडळाच्या दोघांनी वहीत नोंद केली. सहा संपला आणि गुळवणींनी घंटा वाजवली. वेळ संपली होती. सात, आठ आणि नऊ यांचा उगम राहून गेला. टाळ्या मात्र तीन मिनिटं वाजत होत्या. सर घरी आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. एकशे चाळीस पाकिटं वाटली गेली होती. परत आली बावीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध केंद्रावर रांग मोडणाऱ्या एका गृहस्थांना मागचे आजोबा म्हणाले, "अहो, आपण निव्वळ क्रमांक तीन आहात."

गृहस्थ वळले. त्यांच्याकडेही पाकीट होतं. "आणि आपलं सबंध घराणं पाच!"

आजोबांनी आयुष्यात कोणाला 'गाढव'सुद्धा म्हटलं नव्हतं. पण आकड्यात सोय होती. तोंड विटाळत नव्हतं, अहो-जाहो सोडावं लागत नव्हतं आणि वार मात्र बरोबर बसत होता. साठ-साठ वर्षं ज्यांनी मनात गिळलं होतं, त्यांना अचानक वाट सापडली. दारासमोर स्कूटर लावणारा पाच झाला. कचरा वेळेवर न नेणारा चार झाला. सुनेने सासूला भाजीच्या पिशवीवरून "दोनच बरं का आई" असं म्हटलं, तेव्हा दोघींनाही नक्की काय म्हटलं गेलं ते कळेना, म्हणून दोघी दिवसभर अबोला धरून बसल्या. सगळ्यांत जास्त चालला तो सात. त्याचा उगम सरांनी सांगितलाच नव्हता, त्यामुळे तो कोणालाही, कशासाठीही म्हणता येत असे. ज्यांना पाकीट मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या आनंद झेरॉक्सवाल्याने एक प्रत मिळवली आणि तिच्या दुपारपर्यंत शंभर केल्या.

मग खरी पंचाईत सुरू झाली. दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर "नंबर चार!" असं ओरडला आणि बसलेल्यांपैकी एकही जण उठेना. "उठलो तर मान्य केल्यासारखं होतं," चार क्रमांकाचे गृहस्थ गाल धरून पुटपुटले. त्यांची दाढ तशीच राहिली. सदनिका क्रमांक सातमध्ये राहणाऱ्या उत्तरेश्वर शेट्यांनी दारावरचा आकडा खरवडून काढला, तर पार्सलवाला त्यांचा मिक्सर आठमध्ये देऊन गेला आणि आठवाले म्हणाले, "आम्हाला का विचारता? आपण कोण ते पाटीवर लिहा आधी." सोसायटीच्या जिन्यात तर बोर्डच लागला: 'येथे एक ते नऊ हे आकडे मोठ्याने उच्चारू नयेत. दहापासून पुढे हरकत नाही.'

कळस गेनबाने केला. गेनबा लोणी काळभोरहून रोज टेम्पोने भाजी आणी. त्याने ना व्याख्यान ऐकलं होतं, ना पाकीट पाहिलं होतं. गुळवणींनी स्वतः त्याला विचारलं, "मेथीच्या जुड्या किती राहिल्यात?"

गेनबा त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "तुमच्यासाठी? सात!"

गुळवणींनी पिशवी आपटली. चार माणसं जमली. गेनबा बिचारा एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. कोणीतरी त्याला आनंदकडचा कागद दाखवला आणि सगळा प्रकार समजावून सांगितला.

"आरं तिच्या!" गेनबा म्हणाला. "आमच्यात शिवी द्यायची तर सरळ देत्यात सायेब. समोरच्याला बी कळतं, दिलेल्याला बी बरं वाटतं. असं गणित घालत न्हाईत. तुम्ही शिकल्याली माणसं लई वंगाळ हाय बगा." एवढं बोलून त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेली आठवी जुडी टोपलीखाली ढकलली, कारण आठ म्हणजे काय ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची सभा झाली. तांबोळी सरांना बोलावणं आलं. जरीनाबाई न बोलावता आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. गुळवणींनी घसा खाकरला.

"विषय क्रमांक ए..." ते थांबले. "पहिला विषय. प्राध्यापक तांबोळी यांच्या व्याख्यानामुळे पेठेची भाषा बिघडली आहे. त्यांनी लेखी माफी मागावी, अन्यथा व्याख्यान स्मरणिकेतून वगळण्यात येईल."

सरांचा चेहरा उतरला. "अहो, मी एकही वाईट शब्द उच्चारला नाही. आणि माझं म्हणणं तरी काय होतं? घाण शब्दात नसते, माणसं ती तिथे नेऊन ठेवतात. परवापर्यंत चार हा पाढ्यातला गरीब आकडा होता. दोन दिवसांत तुम्ही त्याला कुठून कुठे नेलंत पाहा! माझा सिद्धांत इतका झटपट कोणी सिद्ध केला नसेल."

"सिद्धांत आपल्या घरी," अध्यक्ष म्हणाले. "माझ्या नातीने काल शाळेत चारचा पाढा म्हणायला नकार दिला."

आता जरीनाबाई उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला होता. "मी एक विचारू? यांनी शब्द दिले होते. आकडे कोणी दिले?"

टेबलावर सह्यांचं रजिस्टर होतं. त्याच्या पहिल्या पानावर गुळवणींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'आकडेपद्धती. संकल्पना: बाळ गुळवणी.' त्याखाली दुहेरी रेघ होती.

"संकल्पना माझी, गैरवापर त्यांचा," गुळवणी म्हणाले.

"त्यांचा म्हणजे कोणाचा? दूध केंद्रावर हे गेले नव्हते."

बऱ्याच घासाघिशीनंतर तोडगा निघाला, आणि समितीतून निघणारे तोडगे असतात तसाच तो होता. माफी नको. व्याख्यान छापायचं. फक्त शिव्या आधीच वगळलेल्या होत्या, आता आकडेही वगळायचे आणि त्या जागी रेघ ओढायची. शिवाय हे सातवं पुष्प असल्यामुळे मथळ्यावर 'सहाव्यानंतरचे पुष्प' असं लिहायचं. सर्वांनी हात वर केले. किती हात ते मोजायला कोणी तयार होईना, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला.

सर घरी आले ते थेट गॅलरीत जाऊन बसले. जरीनाबाईंनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं.

"जरीना, तीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. "आणि छापून काय येणार? 'रेघ ही मुळात शिवी नव्हेच. रेघ आणि विज्ञान ही चुलतभावंडं.' वाचणारा म्हणेल, म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला होता. त्यापेक्षा पोस्टकार्डं बरी होती. निदान त्यांवर विषय तरी पूर्ण लिहिलेला असायचा."

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण हा माणूस असा खचलेला जरीनाबाईंनी कधी पाहिला नव्हता. त्यांना असा संताप आला की हातातलं तबक त्यांनी टेबलावर दाणकन आपटलं.

"तो बाळ गुळवणी ना," त्या म्हणाल्या, "तो अगदी शुद्ध सात आहे. सात! जन्मजात सात!"

गॅलरीतली चिमणीसुद्धा उडून गेली. उंबऱ्याच्या आत, सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, शिवी आली होती. जरीनाबाईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. सर हळूहळू त्यांच्याकडे वळले.

"सात म्हणजे काय, माहीत आहे तुला?"

"मला कसं माहीत असणार? मी पाकीट उघडलंच नाही. आणि तुम्ही सहावर संपवलंत." त्यांनी पदर सारखा केला. "पण त्याला तेच शोभतं."

"पेठेत कोणीही यादीतला शब्द आठवून सात म्हणत नाही," सर स्वतःशीच पुटपुटले. "नुसतं सात म्हणतात. म्हणजे हा शब्द आता सुटा झाला! याला इंग्रजीचा आधारच उरला नाही." ते उठले. बहात्तराव्या वर्षी स्टूल ओढून त्यांनी माळ्यावरून एक डबा खाली काढला, 'जुनी वीजबिले' ही चिठ्ठी ओरबाडून फेकली आणि डबा सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवला. जरीनाबाईंनी तो पाहिला. आणि चष्मा शोधून आणून दिला.

सरांनी एक कोरं कार्ड घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच 'उगम'पुढे त्यांना 'अज्ञात' लिहावं लागणार नव्हतं. शिवी जन्मली तेव्हा लिहून घेणारा शेजारीच बसला होता. त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'सात. उगम: कसबा पेठ, पुणे. जनक: बा. गुळवणी. पहिला पुरावा: वाचनालयाचे रजिस्टर, पान पहिले. अर्थ:'

इथे लेखणी अडली. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मला नाही माहीत, तेच लिहा," जरीनाबाई म्हणाल्या. "खोटं कशाला?"

'अर्थ: बोलणारीस ठाऊक नाही,' सरांनी लिहिलं. मग खाली चौथी ओळ भरली आणि कार्ड वाळायला ठेवलं.

'वापर: अचूक.'